चालत्या घराच्या खिडक्या

अमेरिकेतल्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्या बारा-पंधरा वर्षं मुलांची ने-आण करून निवृत्त होतात आणि लिलावात निघतात. इंजिन बऱ्याचदा धडधाकट असतं, सांगाडा पोलादी असतो आणि नव्या मोटारहोमच्या किमतीपुढे तिची किंमत पासंगालाही पुरत नाही. तिथले हौशी लोक अशी बस घेतात, आतली बाकं उपटून काढतात आणि तिचं घर करतात. या बसघराला तिकडे ‘स्कूली’ म्हणतात. प्रकार तसा जुना आहे. लेखक केन केसी आणि त्याच्या मित्रमंडळींनी १९६४ मध्ये अमेरिका पालथी घातली, ती १९३९ सालच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर शाळाबसमधून. ग्रेहाउंडसारख्या कंपन्यांच्या लांब पल्ल्याच्या जुन्या गाड्यांचीही अशी घरं होतात.

बाकं निघाली, खालचं सडलेलं प्लायवूड उखडून झालं, गंज खरवडून झाला, की खिडक्यांचा प्रश्न समोर येतो. चाळीस फुटी बसला दोन्ही बाजू मिळून वीस-पंचवीस खिडक्या असतात. एकेरी काच, ॲल्युमिनियमची खडखडणारी चौकट आणि खाली सरकणारं वरचं तावदान, अशी त्यांची रचना. मुलांना शाळेत सोडायला ती पुरेशी असते. घर म्हणून ती हिवाळ्यात गारठवते, उन्हाळ्यात भाजते आणि पावसात गळते. मग नवा मालक कॅटलॉग उघडतो आणि देखणी खिडकी पसंत करतो. पुढची सगळी कटकट तिथून सुरू होते.

कॅटलॉग सर्वांत शेवटी उघडायचा. घराची भिंत एका जागी उभी असते. बसची भिंत खड्ड्यातून जाताना पिळवटते, उन्हात लांबते, थंडीत आखडते आणि ताशी साठ मैलांच्या वेगाने पाऊस अंगावर घेते. खिडकीविषयीचा प्रत्येक निर्णय या हालचालीशी बांधलेला आहे. त्यामुळे निवडीचा क्रम असा: आधी भिंत, मग खिडक्यांची संख्या, मग जीव वाचवण्याची वाट, मग काच, मग उघडण्याची तऱ्हा आणि अखेरीस चौकट.

भिंत वाचायला शिका

शाळाबसचा सांगाडा म्हणजे पोलादी कमानींची रांग. एकेक कमान एका बाजूच्या जमिनीपासून निघते, छतावरून वळते आणि दुसऱ्या बाजूच्या जमिनीला मिळते. दोन कमानींमधल्या गाळ्यात एक खिडकी, असा साधा हिशेब. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनी १ एप्रिल १९७७ पासून या सांगाड्याची कसोटी ठरवून दिली आहे. रिकाम्या बसच्या वजनाच्या दीडपट भार छतावर टाकला, तरी छत १३ सेंटिमीटरपेक्षा जास्त दबता कामा नये. ही ताकद कमानींतून येते. रुंद, मोठी खिडकी बसवायच्या मोहात मधली कमान कापली, की बस उलटली तर छत तोलून धरणारा खांबच आपण काढून टाकलेला असतो. कमान कापणं अटळच असेल, तर वरखाली पोलादी चौकोनी नळीची आडवी चौकट वेल्ड करून तो भार शेजारच्या कमानींवर न्यावा लागतो. ते जाणत्या फॅब्रिकेटरचं काम आहे. सर्वांत शहाणपणाचं म्हणजे गाळ्यात मावेल अशीच खिडकी निवडणं.

लांब पल्ल्याच्या जुन्या गाड्यांचं गणित वेगळं. जनरल मोटर्सच्या पीडी-४१०४ सारख्या १९५३ ते १९६० च्या दरम्यान बनलेल्या गाड्यांत ॲल्युमिनियमचा बाहेरचा पत्रा स्वतःच भार वाहतो. त्यांच्या खिडक्या पुढे झुकलेल्या, समांतरभुज चौकोनाच्या आकाराच्या असतात, त्यामुळे बाजारातली काटकोनी खिडकी त्या भोकात बसतच नाही. अशा गाडीत जुनं भोक रिव्हेट मारलेल्या पत्र्याने बंद करून त्यात लहान खिडकी घेता येते. मूळ भोक वाढवायला मात्र जाऊ नये.

मोजमाप घेताना टेपने एकदा लांबी-रुंदी पाहून भागत नाही. गाळ्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक आला, तर गाळा तिरका झालेला आहे. मग एक सरळ पट्टी भिंतीला उभी लावून पाहा. पुष्कळ बसच्या बाजू खिडक्यांच्या उंचीवर किंचित आत झुकतात किंवा वळतात. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये तीन मिलिमीटरहून जास्त फट दिसली, तर सपाट चौकट तिथे नीट टेकणार नाही. चौकटीखाली लावायची बुटाइलची चिकट पट्टीच साधारण तेवढ्या जाडीची असते, त्यामुळे ती ही पोकळी भरून काढू शकत नाही.

भिंतीची जाडीही आत्ताच ठरवा. बाहेरचा पत्रा, मधलं फोम, आतलं लाकडी अस्तर अशी सगळी थरांची बेरीज किती होणार? मोटारहोमच्या बहुतेक खिडक्या ठरावीक जाडीच्या भिंतीसाठीच बनवलेल्या असतात. एक इंची भिंतीची खिडकी दोन इंची भिंतीत बसत नाही, आणि उलटंही तसंच.

किती ठेवायच्या आणि किती बुजवायच्या

सगळ्या खिडक्या बदलायचा बेत करण्याआधी थोडा हिशेब मांडू. चोवीस खिडक्या धरल्या तर एकूण काच साधारण ९ चौरस मीटर होते. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर अंश तापमान-फरकामागे सुमारे ५.८ वॅट उष्णता बाहेर जाते. दुहेरी काचेतून २.८ च्या आसपास आणि दीड इंच फोम भरलेल्या भिंतीतून, कमानींचं लोखंड धरून, एक वॅटच्या जवळपास. बाहेर उणे १० अंश आणि आत २० अंश असतील तर फरक ३० अंशांचा. मूळ खिडक्या तशाच ठेवल्या तर नुसत्या काचांतून सुमारे १,५६० वॅट निसटतात, म्हणजे एक मोठा विजेचा हीटर अखंड चालवल्यासारखं. सगळीकडे दुहेरी काच घातली तर साडेसातशे. आणि आठच खिडक्या दुहेरी काचेच्या ठेवून उरलेल्या सोळा बुजवल्या, तर साडेचारशेच्या आत. म्हणजे पैसे कमी खर्चून उबदारपणा जास्त मिळतो.

उन्हाळ्यातही हाच न्याय. दुपारचं पश्चिमेचं ऊन एका बाजूच्या साडेचार चौरस मीटर काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅटने पडत असेल आणि साधी काच त्यातली ८० टक्के उष्णता आत सोडत असेल, तर दोन किलोवॉटहून जास्त ऊब नुसत्या खिडक्यांतून आत शिरते. मोटारहोमच्या छतावरचा नेहमीचा १३,५०० बीटीयूचा एसी चार किलोवॉटच्या जवळपास उष्णता बाहेर फेकतो. त्याची निम्म्याहून जास्त ताकद अशा वेळी काचांशी झगडण्यातच जाते.

कोणत्या खिडक्या ठेवायच्या, हे आतली मांडणी ठरवते. शेगडीपाशी एक, जेवणाच्या टेबलापाशी एक-दोन, झोपायच्या जागी एक आणि समोरासमोर वारा खेळावा म्हणून पलीकडे एखादी. न्हाणीघरात आणि कपाटांमागे काच नको. चालकाच्या बाजूची आणि आरसे दिसायला लागणारी काच मात्र अजिबात बुजवू नये.

बुजवण्यासाठी मूळ पत्र्याच्या जाडीचा पत्रा कमानींवर रिव्हेटने बसवतात. सांध्यात सीम-सीलर भरतात. कौलं रचताना करतात तसा वरचा पत्रा खालच्यावर चढवायचा आणि पुढचा पत्रा मागच्यावर. दुसरी गोष्ट हमखास विसरली जाते. चालत्या गाडीत वारा पुढून मागे वाहतो आणि सांधा उलटा असेल, तर तो पाणी फटीत कोंबतो.

बाहेर पडायची वाट

१४ मे १९८८ च्या रात्री केंटकी राज्यात कॅरलटनजवळ एका चर्चच्या बसला चुकीच्या दिशेने आलेल्या ट्रकने धडक दिली. ती एकेकाळची शाळाबसच होती. इंधनाची टाकी फुटून आग लागली, पुढचं दार धडकेत निकामी झालं आणि सत्तावीस जणांचा जीव गेला. त्यांना मारलं ते आगीने आणि धुराने. बाहेर पडायला मागचं एकच दार उरलं होतं आणि तिथवर पोचायला बाकांमधली अरुंद वाट. तिची चासी २३ मार्च १९७७ रोजी बनलेली होती. शाळाबससाठीचे कडक नियम लागू व्हायला तेव्हा नऊ दिवस उरले होते. या घटनेनंतर अमेरिकेत शाळाबसमधल्या संकटकालीन दारांचे आणि खिडक्यांचे नियम वाढवले गेले.

बसचं घर करताना हा धोका वाढतो. आत गॅसची शेगडी येते, लाकडी अस्तर येतं, बॅटऱ्या येतात. बहुतेक मांडणींत पलंग मागच्या टोकाला जातो आणि मागचं संकटकालीन दार त्याच्या आड दडतं. स्वयंपाकघर मध्ये असतं. तिथे आग लागली तर झोपलेला माणूस मागच्या बाजूला अडकतो. म्हणून झोपायच्या जागेतून थेट बाहेर उघडणारी एक मोठी खिडकी ही सोयीपेक्षा गरजेची गोष्ट आहे.

मोटारहोमसाठीचं अमेरिकी अग्निसुरक्षा मानक, एनएफपीए ११९२, अशा खिडकीतून सुमारे १७ बाय २४ इंच मोकळी वाट मागतं. प्रवासी बसच्या संकटकालीन खिडकीसाठी केंद्रीय नियम २१७ मध्ये ३३ बाय ५० सेंटिमीटरच्या लंबगोलाचं माप आहे. घरासाठी मोठं माप धरावं. कारण रात्री घाबरून बाहेर पडणारा माणूस आजारी, जाडजूड किंवा कडेवर मूल घेतलेला असू शकतो. बाजारात अशी खिडकी ‘एग्रेस’ नावाने मिळते, तिच्या कड्या लाल रंगाच्या असतात आणि सगळं तावदान बिजागरीवर बाहेर उघडतं. विकत घेताना आत बसून स्वतःच्या हाताने ती उघडून पाहा. डास अडवणारी जाळी एका ओढीत निघते का तेही पाहा. बसवल्यावर दर काही महिन्यांनी ती एकदा उघडायची सवय ठेवा, कारण रबर काचेला चिकटून बसतं.

खासगी मालकाने स्वतःसाठी केलेल्या बसघराला यातलं नेमकं काय बंधनकारक आहे, ते अमेरिकेत राज्यागणिक बदलतं. मात्र धूर कोणत्या राज्यात नोंदणी झाली हे विचारत नाही.

काच: कोपऱ्यातली खूण

वाहनाच्या काचेच्या कोपऱ्यात एक बारीक खूण कोरलेली असते. एएस-१ म्हणजे समोरच्या काचेला चालणारी. एएस-२ समोरची काच सोडून कुठेही चालते आणि निदान ७० टक्के उजेड आत सोडते. एएस-३ त्याहून गडद असते. चालकाला रस्ता आणि आरसे दिसायला लागणाऱ्या खिडक्यांत एएस-२ हवी, मागच्या भागात एएस-३ चालते. जुन्या सामानाच्या दुकानातून खिडकी घेताना ही खूण आधी शोधा. खूणच नसेल, तर ती बहुधा घराची साधी काच आहे. ती फुटली की तिचे लांब, धारदार सुळे होतात.

टेम्पर्ड काच, म्हणजे आपल्याकडे ज्याला टफन्ड म्हणतात ती, साध्या काचेच्या चारेक पट मजबूत असते आणि फुटल्यावर खड्यांसारखे तुकडे होतात. तिची एक अडचण आहे. एकदा टेम्पर झाली की ती कापता येत नाही. इंचभर मोठी आली तर ती वायाच. म्हणून माप आधी, टेम्परिंग मागून. लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा. फुटली तरी ती जागेवर राहते, आवाज कमी करते आणि गावातला काचवालाही ती कापून देऊ शकतो. जुन्या गाड्यांच्या तिरक्या, वेड्यावाकड्या भोकांसाठी म्हणूनच ती सोयीची पडते. मात्र ती फोडून बाहेर पडणं अवघड असतं, त्यामुळे पलंगाजवळची खिडकी उघडणारीच हवी.

युरोपातल्या कॅराव्हॅनमध्ये ॲक्रिलिकच्या दुहेरी खिडक्या रुळल्या आहेत आणि आता अमेरिकी बसघरांतही त्या दिसतात. वजनाने त्या काचेच्या निम्म्या. चौकटीतच पडदा आणि जाळी गुंडाळलेली असते. पण ॲक्रिलिकवर ओरखडे पटकन पडतात. अमोनिया किंवा थिनर असलेलं काच पुसायचं द्रावण लावलं, तर त्यात बारीक तडे जातात. नुसतं पाणी आणि सौम्य साबण पुरे. आणि ते फुगतं फार. चाळीस अंशांच्या चढउतारात मीटरभर ॲक्रिलिक सुमारे पावणेतीन मिलिमीटर लांबतं, तेवढंच पोलाद जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणून ॲक्रिलिकचा सुटा पत्रा बसच्या लोखंडावर स्क्रूने घट्ट आवळला की स्क्रूच्या भोकापासूनच तडा सुरू होतो. ते पेटतंही, म्हणून शेगडीच्या मागे ॲक्रिलिक नको. पॉलिकार्बोनेट दगडाच्या माराला दाद देत नाही, पण वर संरक्षक लेप नसेल तर उन्हाने पिवळं पडतं.

दुहेरी काचेचा मोठा फायदा हिवाळ्यातल्या सकाळी कळतो. बंद बसमध्ये दोन माणसं झोपली, तर श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत जातं. आतली हवा २० अंशांवर आणि निम्म्या आर्द्रतेची असेल, तर ९ अंशांपेक्षा थंड पृष्ठभागावर तिचं पाणी सुटतं. बाहेर शून्य अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू ५ अंशांवर उतरते, म्हणजे तिला घाम फुटणारच. दुहेरी काचेची तीच बाजू १२-१३ अंशांवर राहते आणि कोरडी असते. पण काच दुहेरी आणि चौकट सलग ॲल्युमिनियमची असेल, तर घाम चौकटीवर येतो. त्यासाठी चौकटीच्या आतल्या आणि बाहेरच्या धातूमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घातलेली, थर्मल ब्रेकची चौकट घ्यावी.

घरासाठीची स्वस्त दुहेरी खिडकी बसमध्ये घालायचा मोह अनेकांना होतो. दिसायला ती छान दिसते. पण ती जड असते, तिची काच बऱ्याचदा साधी असते आणि तिच्या कडेचं सील सततच्या हादऱ्यांसाठी बनवलेलं नसतं. शिवाय उंचीचा प्रश्न असतो. कोलोरॅडोमधला आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो. सपाटीवर बंद केलेली दोन काचांमधली हवा तिथे फुगते, काचा बाहेर वाकतात आणि सील सुटू लागतं. पुढे दोन काचांमध्ये ओल शिरते आणि आतून धुकं साचतं, ते पुसता येत नाही. डोंगराळ भागासाठी बनवलेल्या दुहेरी काचांत दाब सारखा राहावा म्हणून केसासारखी बारीक नळी ठेवतात. ज्यांचा बेत रॉकी पर्वतात फिरायचा आहे, त्यांनी ऑर्डर देतानाच हे विचारून घ्यावं.

उघडायची कशी

आडवी सरकणारी खिडकी सर्वांत स्वस्त आणि साधी. चालत्या गाडीतही उघडी ठेवता येते. पण ती अर्धीच उघडते आणि पावसात बंद करावी लागते. वर बिजागरी असलेली, छज्ज्यासारखी बाहेर उघडणारी खिडकी रिमझिम पावसातही वारा देते. शेगडीपाशी आणि पलंगापाशी ती उत्तम. निघण्याआधी मात्र ती आठवणीने लावावी लागते. दाराजवळच्या बाजूला, जिथे माणसं उभी राहतात, तिथे तिची कड डोक्याला लागण्याच्या उंचीवर येते. काचेच्या आडव्या पट्ट्यांची, हँडलने फिरणारी खिडकी जुन्या कॅराव्हॅनमध्ये असायची. ती वारा भरपूर देते, पण बंद असतानाही हवा सोडते, त्यामुळे थंडीत निरुपयोगी. जिथे फक्त उजेड हवा, तिथे न उघडणारी काच घ्यावी. तिला सरकते भाग नसल्याने गळायच्या जागाही कमी.

छतावर पंखा बसवणार असाल, तर उघडणारी एक खिडकी त्याच्यापासून लांब, शक्यतो खालच्या उंचीवर ठेवा. हवा आत यायला वाट नसेल, तर पंखा नुसता घरघरतो.

चौकट आणि पाण्याचा रस्ता

जाणकार लोक खिडकी हातात आली की आधी उलटी करून तिच्या खालच्या कडेला बघतात. तिथे बारीक भोकं किंवा खाचा असतात. सरकत्या खिडकीच्या खाचेत पाणी येणारच, कुठलंही रबर ते पूर्ण अडवत नाही. चांगली खिडकी ते पाणी आत साठू न देता या भोकांतून बाहेर सोडते. भोकांवर वाऱ्याने पाणी उलटं आत येऊ नये म्हणून लहान झापड असते. खिडकी उलटी बसवली किंवा नंतर कुणी उत्साहाने या भोकांत सिलिकॉन भरलं, की खाच भरते आणि पाणी आतल्या अस्तरात उतरतं. खिडकीखालचं लाकूड सडलेलं दिसलं, तर पहिला संशय या भोकांवर घ्यावा.

बसवण्याच्या तऱ्हा मुख्यतः तीन. पहिली, मोटारहोमच्या खिडक्यांची: बाहेरून ओठ असलेली चौकट, आतून तिला जुळणारी पट्टी, आणि दोघींच्या मध्ये भिंत. स्क्रू आतून लागतात आणि पत्रा कुठेही भोसकला जात नाही. दुरुस्तीलाही हीच सर्वांत सोपी. दुसरी, जुन्या शहर-बसची: पत्रा आणि काच यांना धरणारं खाचेचं रबर. तिसरी, आजच्या गाड्यांची: काच थेट पॉलियुरेथेनने चिकटवलेली. या काचेच्या कडेला काळी पट्टी भाजलेली असते, कारण चिकटवलेलं पॉलियुरेथेन उन्हात राहिलं तर कमजोर होतं. अशी काच बसचं पिळवटणं छान सोसते, पण फुटली तर काढायला कारागीर लागतो.

खाचेच्या रबराची काच बसवणं पाहण्यासारखं असतं. रबर आधी काचेच्या कडेभोवती चढवतात. त्याच्या आतल्या ओठाच्या खाचेत साबणाचं पाणी लावून एक मजबूत दोरी फिरवतात, टोकं खालच्या मध्यावर एकमेकांवर चढवून आत सोडतात. एक जण बाहेरून तळहाताने काच दाबून धरतो. दुसरा आतून दोरीचं टोक हळूहळू ओढतो. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो. घाई केली तर रबर फाटतं. शेवटी काही रबरांच्या बाहेरच्या खाचेत एक जाड पट्टी सारतात, तिने सगळं आवळून बसतं.

पट्टीच्या खिडकीचं काम वेगळ्या सबुरीचं. कार्डबोर्डचा साचा कापून तो भोकाच्या जागी लावून पाहतात, कोपऱ्यांची गोलाई चौकटीशी जुळते का ते बघतात. मग पत्र्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर रेघ मारतात आणि रेघेवर कापतात. चिकटपट्टीमुळे रंग उडत नाही आणि करवतीचा पाय ओरखडत नाही. भोक चौकटीच्या मधल्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. कापलेली कड उघडी ठेवली की गंज पकडते, म्हणून तिला जस्तयुक्त प्रायमर. आतून भोकाभोवती लाकडी पट्ट्यांची चौकट लावतात, म्हणजे आवळताना भिंत चेपत नाही.

चौकटीच्या ओठावर बुटाइल पट्टी सलग लावायची आणि जोड खालच्या बाजूला ठेवायचा, वरच्या बाजूला कधीही नको. चौकट भोकात बसवून आतल्या पट्टीचे स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरच्या कोपऱ्यांनी थोडे थोडे आवळत जायचे. सगळीकडून बुटाइल बाहेर डोकावलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी, ऊन लागून ते मऊ झाल्यावर पुन्हा एकदा आवळायचे आणि जास्तीचं प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं. इथे सिलिकॉन वापरू नये. ते एकदा पत्र्याला लागलं की त्यावर रंग धरत नाही आणि पुढचं कुठलंही सीलंट नीट चिकटत नाही.

मग पाण्याची चाचणी. एक जण आत टॉर्च घेऊन बसतो, दुसरा बाहेर नळी धरतो. पाणी खालच्या कडेपासून सुरू करायचं, काही मिनिटांनी बाजूला आणि शेवटी वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. आतलं अस्तर लावण्याआधी ही चाचणी झाली पाहिजे.

खरेदी आणि जपणूक

अमेरिकेत मोटारहोम बनवणारे बहुसंख्य कारखाने इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात आहेत. तिथल्या शिल्लक मालाच्या दुकानांत कारखान्यांच्या उरलेल्या खिडक्या स्वस्तात मिळतात. मात्र तिथे मिळेल ते माप घ्यावं लागतं. भिंत अजून कापलेली नसेल तर हे फायद्याचं, कारण खिडकी हातात आल्यावर भोक ठरवता येतं. भोक आधीच असेल, तर मापाप्रमाणे बनवून घेणं भाग पडतं.

भारतात हा सगळा खटाटोप घरच्या अंगणात करता येणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं ५२ वं कलम वाहनात निर्मात्याच्या तपशीलापेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधन घालतं आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्यासाठीचं वाहन या मानकात बसणारं लागतं. त्यामुळे इथे खिडकीचा प्रश्न कारखान्यात सुटतो. विकत किंवा भाड्याने घेताना मात्र काचेची खूण, पाण्याची भोकं आणि पलंगाजवळची वाट पाहायला कुणाची परवानगी लागत नाही.

बसवलेली खिडकी विसरून जायची वस्तू नाही. पावसाळ्याआधी खालची भोकं दाभणाने मोकळी करा, स्क्रू पुन्हा तपासा, बुटाइल कुठे सुकून फुटलंय का पाहा, सरकत्या खाचेतली वाळू ब्रशने काढा. आणि प्रत्येक भोकाचा कार्डबोर्डचा साचा, त्यावर काचेची जाडी, कोपऱ्यांची गोलाई आणि भिंतीची जाडी लिहून, गाडीतच सपाट ठेवून द्या. घरापासून हजार मैलांवर काच फुटली, तर ज्याने ही बस कधी पाहिलेली नाही असा काचवालाही त्या साच्यावरून नवी कापून देईल.